‘थोडं होतं’ म्हणजे काय होतं?

गुडघ्याच्या व्यायामासाठी माझ्याकडे एक काकू यायच्या. वय अठ्ठावन्न. टेबलावर झोपायच्या आधी दर वेळी म्हणायच्या, ‘जरा जाऊन येते हं, मॅडम.’ पाय उचलण्याचे दहा फेरे झाले की पुन्हा, ‘आलेच.’ हात न टेकता खुर्चीतून उठायचा व्यायाम त्यांना अजिबात नको असायचा. गुडघा दुखत असेल, असं मी धरून चालले होते. तिसऱ्या आठवड्यात उठता उठता त्यांना खोकला आला. त्या अर्ध्यावरच थबकल्या, मांड्या आवळून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘थोडं होतं.’

काय होतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारावं लागलं नाही. फिजिओथेरपीत इतकी वर्षं काढल्यावर हे कर्ता नसलेलं वाक्य ओळखू येतं. ‘कंट्रोल राहत नाही’, ‘पोचेपर्यंत होऊन जातं’, ‘शिंकलं की जरा होतं’ ही त्याचीच भावंडं. आपल्या भाषेत लघवीच्या जळजळीला ‘उन्हाळे लागले’ म्हणायची सोय आहे. खड्याला ‘मुतखडा’ म्हणताना कुणी लाजत नाही. गर्भाशय खाली सरकलं तर ‘अंग बाहेर येतंय’ असं खेड्यातली आजीसुद्धा सांगते. पण नकळत लघवी सुटण्याला घरात उच्चारता येईल असं नाव नाही. पुस्तकात ‘मूत्र-असंयम’ असा शब्द आहे, पण त्यातला ‘असंयम’ ऐकला की दुखणं बाजूला राहतं आणि दोष माणसाच्या चारित्र्यावर येतो. मग वाक्यातला कर्ताच गाळून टाकणं बरं वाटतं.

त्या दिवशी गुडघा बाजूला ठेवून आम्ही बोललो. काकूंना हा त्रास नऊ वर्षं होता. या नऊ वर्षांत त्यांनी उपचार केले नव्हते, असं मात्र नाही. बाहेर जायचं असेल त्या दिवशी सकाळपासून पाणी बंद. साड्या गडद रंगाच्याच. पिशवीत जुन्या सुती लुगड्याच्या घड्या. घरापासून मंडईपर्यंत कुठल्या दुकानाच्या मागे मुतारी आहे, हे पाठ. लग्नात दाराजवळची खुर्ची. भजनी मंडळ सोडलं, कारण वरच्या सुरात आवाज लावला की ‘व्हायचं’. नातवाला कडेवर घेणं थांबवलं. आणि शेवटी मोठ्याने हसणंही.

या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला बसले तेव्हा मला काकूंची ही यादी आठवली. लघवी सुटणारी व्यक्ती उपचार करत नाही, हा आपला समज चुकीचा आहे. ती स्वतःवर उपचार करतच असते, रोज, न चुकता. फक्त ते उपचार तहानेचे, लपवण्याचे आणि माणसांतून उठून जाण्याचे असतात. त्यांतला एकही गळती थांबवत नाही, काही तर ती वाढवतात. आहार, व्यायाम आणि वैद्यकीय उपाय या तीन वाटांनी हे पुस्तक जातं, ते या चोरट्या उपचारांच्या जागी खरे उपचार यावेत म्हणून. माझं काम त्या वाटांची ओळख करून देण्याचं आणि कुठली वाट आधी, कुठली नंतर, हे सांगण्याचं आहे.

आधी आत काय चालतं ते पाहू. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. मोठ्या माणसात तिच्यात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. १५० ते २०० मिलिलिटर जमली की पहिली जाणीव होते, पण तेव्हा लगेच उठायची गरज नसते. पिशवी भरत असताना तिचा स्नायू सैल राहतो, तोंडाशी असलेला झडपेचा स्नायू आवळलेला असतो आणि मेंदू वरून ‘अजून थांब’ म्हणत असतो. संडासात बसलो की हा क्रम उलटतो : झडप सैल, पिशवी आवळलेली. दिवसात सात-आठ वेळा जाणं आणि रात्री फार तर एकदा उठणं, हे सर्वसाधारण मानलं जातं.

या सगळ्याला खालून आधार देतो तो ओटीपोटाच्या तळाचा स्नायू. पुढे जांघेमधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत तो बाळाच्या झोळीसारखा बांधलेला असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदद्वाराकडचं आतडं हे सगळं त्या झोळीवर विसावलेलं. झोळी सैल पडली की काय होतं, याचं एक चांगलं चित्र अमेरिकन शल्यविशारद जॉन डिलान्सी यांनी १९९४ मध्ये मांडलं. बागेला पाणी घालायची रबरी नळी फरशीवर ठेवून पायाने दाबली तर पाणी थांबतं. तीच नळी चिखलात ठेवून दाबली तर ती रुतते आणि पाणी वाहत राहतं. खोकल्याचा दाब वरून येतो तेव्हा मूत्रमार्गाखाली फरशी आहे की चिखल, यावर सगळं ठरतं. काकूंच्या बाबतीत दोष पिशवीचा नव्हता, खालच्या जमिनीचा होता.

हा झाला पहिला प्रकार : खोकला, शिंक, हसणं, वजन उचलणं, जिना उतरणं यांच्या ताणाने होणारी गळती. दुसरा प्रकार घाईचा. इथे झडप ठीक असते, पण पिशवी अर्धी भरायच्या आतच तिचा स्नायू मनाला येईल तेव्हा आवळतो. घराच्या कुलपात किल्ली घातली, नळाचा आवाज ऐकला, गार पाण्यात हात घातले की एकदम कळ येते आणि दारापर्यंत पोचायच्या आत काम होऊन जातं. पुष्कळ बायकांत हे दोन्ही प्रकार एकत्र असतात. तिसरा प्रकार भरून सांडण्याचा : प्रोस्टेटची गाठ वाढलेले आजोबा किंवा जुन्या मधुमेहाने पिशवीच्या नसा मंदावलेले रुग्ण. पिशवी कधी पूर्ण रिकामीच होत नाही आणि वरचेवर थेंब थेंब येत राहतं. चौथ्या प्रकारात मूत्राशयाचा काही दोष नसतो. गुडघे वाकत नाहीत, संडास अंगणाच्या पलीकडे आहे, सलवारीची नाडी संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांना सुटत नाही, किंवा विसरभोळेपणात संडास कुठे हेच आठवत नाही. तिथे उपाय औषधाच्या दुकानात नाही, घरातच आहे : भिंतीला दांडा, रात्रीचा दिवा, कमोडची खुर्ची, नाडीऐवजी इलॅस्टिक.

प्रकार ओळखण्याचा खटाटोप एवढ्यासाठी की उपाय त्यावरच ठरतो. शेजारणीला गोळीने बरं वाटलं म्हणून तीच गोळी घेतली आणि आपली गळती ताणाची असली, तर कोरड्या तोंडापलीकडे हाती काही लागणार नाही. आजोबांची पिशवी आधीच तुंबलेली असताना ती सैल करणारी गोळी दिली, तर लघवी पूर्ण अडण्याची पाळी येते. म्हणून डॉक्टर आधी लघवीची तपासणी करतात, साखर बघतात आणि लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरली हे सोनोग्राफीत पाहतात. पण सगळ्यात उपयोगी तपासणी फुकट आहे आणि ती घरीच होते. तीन दिवस एका वहीत लिहायचं : किती वाजता काय प्यायलं, किती वाजता लघवीला गेलं, किती झाली, कधी सुटली आणि तेव्हा आपण काय करत होतो. मोजायला खुणा असलेला प्लॅस्टिकचा जुना मग चालतो. काकूंच्या वहीत पहिल्या दिवशी चौदा नोंदी होत्या, बहुतेक शंभर मिलिलिटरच्या आतल्या. दिवसभरात पाण्याचे ग्लास तीन आणि चहाचे कप सहा. ती वही बघून त्या स्वतःच म्हणाल्या, ‘म्हणजे मी चहावरच जगते की!’

इथून आहाराचा विषय सुरू होतो. आपल्याकडे रुग्ण डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतो, ‘पथ्य काय?’ आणि पुष्कळ डॉक्टर तो हसून उडवतात. या दुखण्यात मात्र तो प्रश्न अगदी बरोबर आहे. चहा-कॉफीतलं कॅफीन लघवीचं प्रमाण वाढवतं आणि पिशवीला डिवचतं. दारू तेच करते. गॅसची थंड पेयं, फार तिखट किंवा आंबट पदार्थ काहींना त्रास देतात, काहींना अजिबात नाही. म्हणून सरसकट मनाईची यादी देण्यापेक्षा एकेक गोष्ट दोन आठवडे बंद करून वहीत फरक पडतो का ते पाहणं शहाणपणाचं. चहा एकदम तोडला तर डोकं दुखतं, म्हणून कप हळूहळू कमी करावेत.

पाण्याबद्दल मात्र ठामपणे सांगायला हवं. पाणी तोडणं हा आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय घरगुती उपाय आणि सर्वांत चुकीचा. पाणी कमी झालं की लघवी दाट होते, दाट लघवी पिशवीला टोचते, घाई वाढते. जंतुसंसर्गाला वाव मिळतो. शौचाला खडा होतो, कुंथावं लागतं आणि कुंथण्याचा सगळा जोर त्याच झोळीवर पडतो. दिवसाला दीड ते दोन लिटर, उन्हाळ्यात आणि शेतात राबणाऱ्यांना त्याहून जास्त पाणी हवंच. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर तेवढंच. रात्री उठावं लागत असेल तर झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत पाणी कमी करावं, दिवसभर नव्हे.

बद्धकोष्ठ हा या दुखण्याचा गुपचूप साथीदार आहे. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, सालीसकट डाळी, पेरू, पपई हे आपल्या स्वयंपाकघरातलंच औषध. रात्री वारंवार उठणाऱ्यांनी ताटातलं मीठही बघावं. लोणचं, पापड, फरसाण यांतून गेलेलं जादा मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडं रात्रपाळी करतात. पायाला सूज येणाऱ्यांनी दुपारी तासभर पाय उंचावर ठेवून पडावं. दिवसभर पायांत साठलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि झोपमोड करतं, त्याऐवजी त्याचा काही भाग दिवसाच बाहेर पडतो.

वजनाचा मुद्दा टाळता येत नाही, पण तो धीर देणारा आहे. २००९ मध्ये अमेरिकेत ३३८ जाड स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत ज्यांनी सरासरी ८ टक्के वजन उतरवलं, त्यांची आठवड्यातली गळती ४७ टक्क्यांनी कमी झाली. नुसती माहिती मिळालेल्या गटात ती २८ टक्क्यांनी उतरली. आठ टक्के म्हणजे पंचाहत्तर किलोच्या बाईने सहा किलो. बारीक व्हायची गरज नाही, झोळीवरचा भार थोडा उतरायला हवा.

व्यायामाचं प्रकरण माझ्या जिव्हाळ्याचं, म्हणून जरा रेंगाळते. १९४८ मध्ये आर्नल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने बाळंतपणानंतर सैल पडलेला हा स्नायू व्यायामाने बळकट करता येतो, असं मांडलं. स्नायू किती जोरात आवळला जातो हे बाईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं म्हणून त्यांनी एक दाबमापक यंत्रही बनवलं. आज जगभर या व्यायामाला त्यांचंच नाव आहे. आपल्याकडे हठयोगात मूलबंध होताच. उद्देश वेगळा, पण आवळायची जागा जवळपास तीच. मूलबंध येणाऱ्यांना हा व्यायाम लवकर जमतो, फक्त श्वास रोखायची सवय सोडावी लागते.

अडचण एवढीच की हा स्नायू दिसत नाही. दंडाची बेडकी फुगते, ही फुगत नाही. म्हणून मी बायकांना सांगते : चारचौघांत बसला आहात आणि वायू सरायची वेळ आली आहे, तेव्हा जो भाग आत ओढून घ्याल तोच हा. मागून सुरुवात करा, पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा आणि वर उचला. पोट फुगवायचं नाही, कुल्ले आणि मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास चालू ठेवायचा. तोंडाने आकडे मोजले की श्वास आपोआप चालू राहतो. सहा-आठ सेकंद धरायचं, तेवढाच वेळ सैल सोडायचं. असं किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. सैल सोडणं हा अर्धा व्यायाम आहे, हे विसरू नये. लघवी करताना धार मधेच तोडून व्यायाम करण्याचा सल्ला अजून ऐकू येतो. तो पाळू नये, त्याने पिशवी नीट रिकामी होत नाही. जमतंय की नाही याची खात्री नसेल तर फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्यावं. पुष्कळ बायका आवळायच्या ऐवजी खाली जोर देत असतात आणि महिनोन् महिने उलटाच व्यायाम करतात.

याच्या जोडीला एक युक्ती आहे. शिंक येणार हे आपल्याला क्षणभर आधी कळतं. त्या क्षणी स्नायू आवळायचा आणि मग शिंकायचं. पाण्याची बादली उचलण्याआधी, पिठाचा डबा उतरवण्याआधी तेच. अमेरिकेत मिशिगनच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की ही युक्ती शिकलेल्या वयस्क स्त्रियांची खोकल्यातली गळती आठवड्याभरातच कमी झाली. स्नायू बळकट व्हायला महिने लागतात, वेळ साधायला मात्र थोडेच दिवस पुरतात.

केगेलच्या व्यायामाने खरंच फरक पडतो का, असं घरचे पुरुष मला हमखास विचारतात. २०१८ मध्ये जगभरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ताणाच्या गळतीत व्यायाम केलेल्या बायकांपैकी ५६ टक्के ‘पूर्ण बरं वाटलं’ म्हणाल्या, न केलेल्यांपैकी फक्त ६ टक्के. ज्या उपायाला ना पैसा लागतो ना भूल, त्याचं हे फळ आहे. पण तो रोज करावा लागतो आणि कुणाला दिसत नाही, म्हणून मागे पडतो. काकूंनी तो जपाच्या माळेला जोडला. सकाळची एक माळ, त्यातले पहिले मणी देवाचे आणि शेवटचे आठ माझे, असं त्या म्हणत.

घाईच्या गळतीत व्यायामाबरोबर पिशवीला वळण लावावं लागतं. आपल्याला लहानपणापासून ‘बाहेर पडायच्या आधी जाऊन ये’ असं सांगितलेलं असतं. लागलेली नसतानाही सतत जात राहिलं की पिशवी थोडक्यातच तक्रार करायला शिकते. मग वहीत बघायचं, आता किती अंतराने जातो. तासाने जात असलो तर सव्वा तास करायचा. मधे कळ आली तर धावायचं नाही. जागीच बसायचं, स्नायू चार-पाचदा झटपट आवळायचा, लक्ष दुसरीकडे न्यायचं. कळ लाटेसारखी येते, चढते आणि ओसरते. ओसरली की सावकाश चालत जायचं. दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवत तीन तासांपर्यंत जाता येतं. याला निदान सहा आठवडे द्यावेत. काही वाचक इथे म्हणतील, आयुर्वेदात तर मूत्राचा वेग अडवू नये असं सांगितलंय. बरोबरच आहे. दिवसभर शाळेत किंवा एसटीत सोय नाही म्हणून तासन् तास अडवून धरणं वाईटच. इथे आपण भरलेली पिशवी अडवत नाही, अर्धी भरलेल्या पिशवीची खोटी हाक ओळखायला शिकतो.

आता औषधं. पहिली गोष्ट, नवी गोळी सुरू करण्याआधी चालू असलेल्या गोळ्या बघा. रक्तदाबावरची लघवी वाढवणारी गोळी, मधुमेहातली साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी ‘ग्लिफ्लोझिन’ गटातली गोळी, झडप सैल करणारी प्राझोसिन, कोरडा खोकला आणणारी एनालाप्रिलसारखी गोळी, यांतली कुणीही गळतीला हातभार लावत असू शकते. स्वतःहून काहीच बंद करायचं नाही. पण डॉक्टरांना सांगितलं, तर वेळ किंवा गोळी बदलून प्रश्न तिथेच मिटू शकतो.

घाईच्या प्रकारात ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनॅसिन ही औषधं पिशवीचा अवेळी आवळणारा स्नायू शांत करतात. तोंड कोरडं पडणं आणि बद्धकोष्ठ हा त्यांचा त्रास. म्हाताऱ्या माणसांत स्मृतीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून डॉक्टर हात राखून देतात. २०११-१२ पासून जपान आणि अमेरिकेत वापरात आलेलं मिराबेग्रॉन वेगळ्या मार्गाने तेच काम करतं. त्याने तोंड कोरडं पडत नाही, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. पाळी गेल्यानंतर योनीमार्ग कोरडा होऊन घाई आणि जळजळ वाढली असेल, तर तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं मलम पुष्कळदा पुरतं. गोळ्यांनी भागलं नाही तर मूत्राशयात बोटॉक्सचं इंजेक्शन देतात. अमेरिकेत या वापराला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. काही महिन्यांनी ते पुन्हा घ्यावं लागतं. माकडहाडाच्या वर नसेजवळ तार बसवून पिशवीच्या नसांना सौम्य विद्युत संदेश देण्याचीही सोय आहे.

ताणाच्या प्रकारात व्यायामाने हवा तेवढा फरक पडला नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार. १९९० च्या दशकात उल्फ उल्मस्टेन आणि पीटर पेट्रोस यांनी मूत्रमार्गाच्या मध्याखाली जाळीची बारीक पट्टी आधाराला ठेवण्याची पद्धत आणली. चिखलात पुन्हा फरशी घालण्याचाच हा प्रकार. लाखो स्त्रियांना तिचा उपयोग झाला. काहींना मात्र जाळीचा गंभीर त्रास झाला. ब्रिटनने २०१८ मध्ये अशा शस्त्रक्रिया थोपवल्या. अमेरिकेने २०१९ मध्ये अंग बाहेर येण्यावर योनीमार्गातून बसवायच्या मोठ्या जाळ्यांची विक्री बंद केली, गळतीवरच्या पट्ट्यांना तो आदेश लागू नव्हता. म्हणून शस्त्रक्रिया सुचवली तर जाळी वापरणार का, स्वतःच्या ऊतीची पट्टी चालेल का, पुढे त्रास झाला तर काय, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नये. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर गळती राहिलेल्या पुरुषांनाही आधी हाच व्यायाम, आणि फारच राहिली तर कृत्रिम झडप बसवता येते.

इथे एक इशारा. आपल्याकडे ‘पिशवी’ म्हटलं की बायकांना गर्भाशय कळतं. लघवी सुटते म्हणजे पिशवी खराब झाली, तर ती काढून टाका, अशी मागणी मी कितीदा ऐकली आहे. गर्भाशय काढल्याने लघवीची गळती थांबत नाही, पुढे ती वाढूही शकते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. कोयता, मोळी, रोज मणामणाचं ओझं आणि फडाजवळ ना संडास ना विसावा, हे सगळं ज्या अंगावर पडतं, त्याला पिशवी काढणं हे उत्तर नव्हे.

त्यातून आठवलं, प्रत्येक गळती स्नायूचीच नसते. पुण्यातल्या ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाने रस्त्यावर बायकांना स्वच्छतागृहं नसल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने महापालिकांना ती उभारण्याचे आदेश दिले. मुंबईत ‘राइट टू पी’ची चळवळ २०११ पासून चालू आहे. घाईची लघवी असलेल्या बाईला डॉक्टर गोळी देतील, पण बसस्टँडवर कडी लागणारं दार कुणी द्यायचं, हा प्रश्न औषधाचा नाही.

सुरुवात मात्र घरातूनच करता येते. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत तीनांतल्या सुमारे एका बाईला गळतीचा त्रास होतो. सव्वा महिना आपण बाळंतिणीला शेक देतो, तेल लावतो, डिंकाचे लाडू खायला घालतो, पोट बांधतो. ज्या झोळीने नऊ महिने भार पेलला, तिची चौकशी मात्र कुणी करत नाही. आईने, सासूने लाडवाबरोबर तो आठ वेळा आवळायचा व्यायामही सांगितला, तर वीस वर्षांनंतरचं दाराजवळच्या खुर्चीत बसणं पुष्कळ जणींचं टळेल.

काही लक्षणं मात्र या पुस्तकाच्या भरवशावर सोडू नयेत. लघवीत रक्त दिसलं, ताप येऊन कंबर दुखली, लघवी अजिबात होईनाशी झाली, बाळंतपणानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर दिवसरात्र सतत गळू लागली, किंवा पाय बधिर होऊन अचानक ताबा गेला, तर पान मिटून आधी दवाखाना गाठावा.

काकू साडेचार महिन्यांनी भजनी मंडळात परत गेल्या. गळती पूर्ण थांबली नाही. जोराचं पडसं झालं की अजून एखादा थेंब येतो, पण घडी आता पिशवीत नसते आणि पाण्याची बाटली असते. मागच्या महिन्यात त्यांनी एका मैत्रिणीला माझ्याकडे पाठवलं. ती बाई आत आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, ‘मला लघवी सुटते. खोकल्याबरोबर. चार वर्षं झाली.’ मी विचारलं, इतकं स्पष्ट सांगायला कुणी शिकवलं? ती म्हणाली, ‘त्यांनीच. म्हणाल्या, नुसतं होतं होतं म्हणू नकोस, काय होतं ते सांग.’

वाचकांना माझी एवढीच विनंती. आहाराचं प्रकरण आधी वाचा की व्यायामाचं, ते तुमच्यावर. पण पुढच्या वेळी कुठल्याही कारणाने डॉक्टरांसमोर बसाल, तेव्हा ते वाक्य पूर्ण करा.